गुरुवारचं मतदान

या, जरा पुढं सरका. खांबाला टेकलेले भाऊ, तुम्ही या, आणि दारात उभ्या राहून आत यावं की परत जावं असा विचार करणाऱ्या बाई, तुम्हीसुद्धा. सतरंजी लहान आहे, पण मांडीला मांडी लागली की गोष्ट जास्त रंगते. एका भल्या माणसाची फजिती सांगतो. पोटभर हसा. फक्त हसताना अधूनमधून आपल्या डाव्या हाताच्या बोटाकडं बघत चला.

ब्रह्मपुरीहून जीपनं तासभर गेलं की मूळ गावाच्या कडेला मोहटोली ही वस्ती लागते; सगळे तिला नुसतं टोली म्हणतात. तिथं आपल्या ओसरीवर लटारूभाऊ दिघोरे त्या दिवशी वांग्याचं चित्र काढत बसले होते. बत्तीस वर्षं टपाल वाटून ते नुकतेच रिटायर झाले होते. टपालाची पिशवी खात्याकडं परत गेली, पण खिशातलं पेन आणि गावाला शहाणं करायची सवय त्यांच्याकडंच राहिली. पेन खिशातून निघालं की कागदावर आधी मधोमध 'श्री' उमटायचा, त्याखाली दोन रेघा, मग बाकीचं. पोस्टकार्ड असो, किराण्याची यादी असो, की तहसीलदाराला अर्ज असो. एकदा डॉक्टरांनी नातवाचा ताप लिहून ठेवायला सांगितला, तर तिथंही आधी श्री, दोन रेघा आणि मग एकशे दोन.

दर एकादशीला ते मारुतीच्या मंडपात कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या पूर्वरंगात लोकसभा यायची आणि उत्तररंगात हरिश्चंद्र. राज्यसभा आणि विधान परिषद यांतला फरक आठवला की ते हात वर करून मृदंग थांबवत आणि सांगत. लोक माना डोलवत. एकदाची मान डोलवली की मृदंग पुन्हा सुरू होतो, हे लोकांना अनुभवानं कळलं होतं.

तर वांग्याचं चित्र. सत्त्याण्णव साल होतं. ग्रामपंचायतीच्या तीन नंबर वॉर्डातली एक जागा मधेच रिकामी झाली होती, आणि ती बायांसाठी राखीव होती. गावातल्या राईसमिलवाल्या शेठजींनी बायकोचा फॉर्म भरला. तिच्या पोस्टरवर फोटो शेठजींचाच होता. बाईंचं नाव खाली, मिलच्या फोन नंबराच्या जरा वर. टोलीकडून रुखमाबाई उभी राहिली. रोवणं, म्हणजे भाताची लावणी, सुरू झालं की चाळीस बाया घेऊन धानाच्या बांधीत उतरणारी बाई ही. टोलीत हातपंप नव्हता. बाया दीड मैलावरच्या नाल्यातून पाणी आणत, आणि उन्हाळ्यात तर नाल्यात झिरा खोदून वाटीवाटीनं घागर भरत. रुखमाबाईला निवडून यायचं होतं ते त्या एका हातपंपासाठी.

ती लटारूभाऊंच्या ओसरीवर आली होती आणि उभ्याउभ्याच बोलली होती.

"भाऊ, मले भासन नाई पायजे. मांगच्या खेपेले टोलीचे एकोणीस वोटं बाद झाले. कोनी आंगठा उमटवला, कोनी दोन्हीकडं शिक्का मारला. बारा वोटानं पडलो आपन. तुमी एकच काम करा. यंदा आपलं एकबी वोट बाद होऊ देऊ नका."

"एकबी होनार नाई," लटारूभाऊ म्हणाले. "अन् ज्याचं होईन, त्यानं महिनाभर मारुतीचा मंडप झाडाव. हे मी कीर्तनातच जाहीर करतो."

केलंही. रविवारी मतदान होतं, आणि त्याच्या आधीचा गुरुवार एकादशीचा. दुपारचं कीर्तन आटोपलं की तिथंच मतदानाची तालीम, असं ठरलं. डालड्याच्या डब्याला वर फट पाडून पेटी झाली. बटाटा कोरून फुलीचा शिक्का झाला. खरी निशाणी वापरली तर पक्षपात होईल म्हणून लटारूभाऊंनी एका उमेदवाराला वांगं दिलं आणि दुसऱ्याला भोपळा. स्वतःच्या छातीवर कागदाचा बिल्ला लावला. त्यावर श्री, दोन रेघा, आणि खाली 'निवडणूक अधिकारी'.

पहिला पोचू उठला. पोचूभाऊ टोलीची गुरं राखायचा आणि कुठलीही गोष्ट दोन्ही बाजूंनी बघितल्याशिवाय हातात घ्यायचा नाही. त्यानं कागद उलटसुलट केला.

"भाऊ, या वांग्यानं पाच वर्सात काय केलं?"

"वांग्यानं काही करायचं नसते, पोचू. हा नमुना हाये."

"मंग मी त्याले वोट काऊन देऊ?"

"मंग भोपळ्याले दे."

"भोपळ्याच्या मांगं कोन हाये?"

"कोनीच नाई बापा. भोपळा अपक्ष हाये."

पोचूनं आणखी थोडा विचार केला, वेलावरचा भोपळा निदान छपरावर तरी चढतो म्हणाला, आणि शिक्का मारला. बाद होऊ नये अशा बेतानं, अगदी मधोमध. लटारूभाऊंना भरून आलं. त्यांनी दौतीतल्या शाईत काडी बुडवून पोचूच्या डाव्या तर्जनीला लावली आणि मूठभर राजगिऱ्याच्या लाह्यांचा आणि गुळाचा प्रसाद दिला.

घोटाळा या प्रसादानं केला. दौतीची शाई रांजणावर हात धुतला की जाते, हे बायांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. लेकरांसाठी अजून मूठभर लाह्या मिळाल्या तर कोणाला नको? पोचूनं तर तीनदा मत दिलं, आणि तिसऱ्यांदा वांग्याला, कारण त्याच्या मते एकाच्याच मागं लागू नये. डबा उघडला तेव्हा शहाण्णव मतदारांची मतं एकशे एकेचाळीस भरली.

लटारूभाऊ खालीच बसले. "हे तं बोगस मतदान झालं. मारुतीच्या डोळ्यासमोर."

"लाह्या गोड होत्या, भाऊ," पोचू म्हणाला.

पण लटारूभाऊ हार मानणारे नव्हते. पुन्हा मतदान घ्यायचं त्यांनी ठरवलं, आणि या खेपेला पुसली जाणार नाही अशी शाई वापरायची. आपल्या रानात अशी शाई झाडाला लागते. बिबा. धोबी कपड्यावर खूण करतो तो बिबा, भेगाळलेल्या टाचेला लावतात तो. लटारूभाऊंनी घरातून चार बिबे आणवले, सुईनं टोचले, आणि काळा चीक काडीवर घेतला.

रांगेत पुढं अन्नपूर्णाबाई होती. सत्तरी ओलांडलेली, पाठीत वाकलेली, जिभेनं ताठ. तिनं बोट मागं घेतलं.

"लटारू, बिबा हाये तो. कातडी निघेपर्यंत जात नाई."

"तेच तं पायजे, बाई. सरकारची शाईबी अशीच असते."

"तू म्हनतं तं लाव," ती म्हणाली. "पन मंग सांगितलं नाई म्हनू नको."

संध्याकाळच्या आत शहाण्णव बोटं काळी झाली. हिशेब चोख लागला: वांग्याला अठ्ठावन्न, भोपळ्याला अडतीस, बाद एकही नाही. लटारूभाऊंनी निकाल कागदावर लिहिला, अर्थात श्री काढून, आणि मंडपाच्या खांबाला चिकटवला. शुक्रवारी दहाबारा जणांना बिबा उतला. बोटं सुजली, खाज सुटली. लोकांनी खोबरेल चोळलं. लोकशाहीसाठी एवढं सोसावं लागतं, असं लटारूभाऊंनी घरोघरी जाऊन सांगितलं. त्यांचं स्वतःचं बोट तेवढं स्वच्छ होतं. ते अधिकारी होते.

रविवार उजाडला. शाळेच्या एका खोलीत मतदान केंद्र लागलं. केंद्राध्यक्ष होते राजुऱ्याकडचे इब्राहीम सर, शाळामास्तर, डोळ्यांवर जाड चष्मा, दोन ट्रेनिंगांची वही जवळ घेऊन आलेले. दोन्ही उमेदवारांचे प्रतिनिधी समोरासमोर बसले. रुखमाबाईकडून लटारूभाऊ. शेठजींच्या बायकोकडून मंगरू, मिलमधला मशीन चालवणारा, राहायला टोलीतलाच. अन्नपूर्णाबाईचा मुलगा. मिलमध्ये पगार मिळत असल्यानं त्याचं राजकारण आपोआप ठरलं होतं.

पोचू तालमीसारखाच पहिला आला. इब्राहीम सरांनी चष्मा वर केला.

"बोट दाखवा. डावं."

पोचूनं अभिमानानं दाखवलं. सर बोटाकडं बघतच राहिले.

"तुम्ही मतदान केलंय, भाऊ."

"केलं ना, जी. गुरुवारी."

"गुरुवारी?"

"लटारूभाऊनं घेतलं. आदी भोपळ्याले देल्लं, मंग वांग्याले. मंग बिब्यावाल्या बारीले पुन्हा भोपळ्याले."

दाराशी उभ्या असलेल्या पोलिसानं काठी या हातातून त्या हातात घेतली. इब्राहीम सरांनी सावकाश विचारलं, "गुरुवारी मतदान कोणी घेतलं?"

लटारूभाऊ उभे राहिले. बत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस, विचारल्यावर खोटं बोलणार नाही.

"मी घेतलं. निवडणूक अधिकारी म्हनून."

इब्राहीम सरांनी टेबलावरचा आपला नेमणुकीचा आदेश उचलला, वाचला, पुन्हा ठेवला. "तो फिर मी कोण आहे, भाऊ?"

मंगरू टुणकन उभा राहिला. "साहेब, यानं आदीच पेटी भरून ठेवली. लिहून घ्या."

"पेटी कुठाय?"

"घरी हाये," लटारूभाऊ म्हणाले. "डालड्याची."

"मतं पडली होती?"

"शहाण्णव. वांग्याले अठ्ठावन्न."

"वांगं म्हनजे कोन?" मंगरूनं संशयानं विचारलं.

"वांगं म्हनजे वांगं, मंगरू."

इब्राहीम सरांनी वही उघडली. "डाव्या तर्जनीवर खूण दिसली तर मतपत्रिका द्यायची नाही. असं लिहिलंय. मी काय करू? माझी नोकरी आहे." त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळं ते जास्तच लागलं. "तुम्ही बाहेर उभे रहा, भाऊ. पुढचा."

पुढची बाई आली, काळं बोट. त्यापुढचा म्हातारा, सुजलेलं काळं बोट. तेवढ्यात गावातून शेठजींचा ट्रॅक्टर आला आणि वीस लोक उतरले. त्यांना कोणी काही शिकवलं नव्हतं. स्वच्छ बोटं पुढं करून, मत टाकून, पाच मिनिटांत ते बाहेरही पडले. टोलीची रांग मात्र शाळेच्या भिंतीला लागून बसली, एकेक काळं बोट मांडीवर ठेवून.

लटारूभाऊंना आठवत होतं ते सगळं त्यांनी मनात फिरवून पाहिलं. राष्ट्रपतींचे अधिकार आठवले. उपराष्ट्रपतींना कोण निवडतं तेही आठवलं. लोकसभा मुदतीआधी कशी विसर्जित होते, हे त्यांना घटनेच्या भाषेत सांगता आलं असतं. पण पोचूला या दारातून त्या पेटीपर्यंत कसं न्यायचं, ते काही सुचेना. उमेदवार म्हणून दारातून डोकावायची रुखमाबाईला मुभा होती. ती आली, रांगेकडं बघितलं, टेबलाकडं बघितलं, आणि हळूच म्हणाली,

"भाऊ, बाद व्हायलेबी वोट आदी पेटीत पडाव लागते."

ती चिडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. हातपंप, दीड मैलाचा नाला, चाळीस बायांच्या डोक्यांवरच्या घागरी, सारं त्यांच्या चार बिब्यांनी घालवलं होतं. त्यांनी छातीवर हात नेला. बिल्ला तिथं नव्हता, पण आपण तो अजून काढलेला नाही असं त्यांना वाटत होतं.

आणि मग रांगेतून काठी टेकत अन्नपूर्णाबाई उठली. कोणी बोलावलं नव्हतं. ती टेबलापाशी आली आणि बोट पुढं केलं. मंगरूचा चेहरा उतरला. आईचं मत आपल्याच बाजूचं, अशी त्याची पक्की समजूत होती.

"साहेब," तो म्हणाला, "हे माय हाये माझी. म्हातारी हाये. तिचं घेऊन टाका."

"तिच्याही बोटाला खूण आहे."

"ते बिब्याची हाये, साहेब. साऱ्याच जनाईले माहीत हाये."

इब्राहीम सर चष्म्यावरून त्याच्याकडं बघू लागले. मंगरूनं मान खाली घातली. अन्नपूर्णाबाईनं मुलाकडं बघितलंसुद्धा नाही.

"साहेब, तुमच्यापाशी नावाची यादी हाये ना?"

"आहे, बाई."

"वोट टाकलं का त्या नावावर रेघ मारता ना तुमी?"

"मारतो."

"माझ्या नावावर रेघ हाये का, पाहा."

सरांनी पानं उलटली, बोट खाली सरकवलं. "नाही."

"आज आजूबाजूच्या कोन्या गावात वोट हाये का?"

"नाही. एवढीच पोटनिवडणूक आहे."

"मंग मी वोट टाकलं कुठी?"

इब्राहीम सरांनी वही मिटली. उघडली. पुन्हा मिटली.

"यादी तुमची, रेघ तुमची," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "बोट तेवढं माझं. अन् बोटावर त् मांगं चुलीत भाजल्याचाबी डाग हाये. त्याचंबी वोट धरता का?" मग ती मागं वळली. "अन् लटारू, तू तिकडं काय भिताडाले चिकटून उभा राह्यला? दिल्लीचं सारं सांगतं आमाले. हे यादीचं काऊन नाई सांगितलं?"

लटारूभाऊंनी खरं सांगितलं. "मले सुचलंच नाई, बाई."

राजुऱ्याच्या मास्तरांना हसू आवरेना. त्यांनी यादीत टोलीची सगळी नावं तपासली, एकावरही रेघ नव्हती. मंगरूला विचारलं, "तुमची हरकत?" मंगरू म्हणाला, "मायवर कसी हरकत घेनार, साहेब? अन् मायले सोडलं तं बाकीच्याईले कसं अडवनार?" सरांनी आपल्या अहवालात अर्धं पान लिहिलं, त्यात 'बिबा' हा शब्द खाली रेघ मारून घातला, आणि शाईची काडी उचलली. तर्जनीवर जागा नव्हती म्हणून टोलीच्या प्रत्येक मतदाराच्या मधल्या बोटाला शाई लागली. अन्नपूर्णाबाई मत टाकून बाहेर पडताना मंगरूनं दबक्या आवाजात विचारलं, "माय, कोनाले?"

"तुया बापालेबी कधी सांगितलं नाई," ती म्हणाली, आणि काठी टेकत निघून गेली.

मतदान संपायला दहा मिनिटं उरली तेव्हा लटारूभाऊंनी स्वतः मत टाकलं. सगळी टोली आत जाऊन आली होती. आपल्या हातून घडलेला अपराध देवानं पोटात घातला, असं त्यांना वाटत होतं. पुठ्ठ्याच्या आडोशामागं ते जरा जास्तच वेळ थांबले. इब्राहीम सरांना वाटलं, देवाचं नाव घेत असतील. तसंच होतं म्हणा.

सोमवारी तहसील कार्यालयात मोजणी झाली. रुखमाबाई, लटारूभाऊ, मंगरू, तिघंही जाळीपलीकडं उभे होते. रुखमाबाईला एकशे एक, शेठजींच्या बायकोला चौऱ्याऐंशी. रुखमाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि पहिला प्रश्न विचारला:

"साहेब, बाद किती झाले?"

"एकच," मोजणीवाले साहेब म्हणाले.

लटारूभाऊंनी कपाळावर हात मारला. "एवढं शिकवलं, तरी कोनीतरी अडाण्यानं..."

"शिक्का अगदी मधोमध आहे हो, फार सुरेख," साहेब म्हणाले, आणि नियमाप्रमाणं कागद सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. "पण कागदावर मजकूर लिहिला की मत बाद. इथं वर पेनानं 'श्री' काढलाय. खाली दोन रेघा."

मंगरूनं लटारूभाऊंच्या खिशातल्या पेनाकडं बघितलं. रुखमाबाईनंही बघितलं. शेवटी लटारूभाऊंनी स्वतःच वाकून बघितलं, जणू ते पेन दुसऱ्या कोणाचं आहे. मग ते हसायला लागले. आधी हळू, मग असे, की बाकावर बसावं लागलं आणि डोळ्यांतून पाणी आलं.

"भाऊ," रुखमाबाई म्हणाली, "झाडू माझ्या घरचा न्या. नवा हाये."

महिनाभर रोज सकाळी लटारूभाऊंनी मारुतीचा मंडप झाडला. पाण्याला जाता-येता बाया थांबत आणि कुठं कचरा राहिला ते दाखवत. अन्नपूर्णाबाई तर पायरीवर बसूनच देखरेख करायची. "लटारू, खांबाच्या मांगं राह्यलं. तुले राज्यसभा दिसते, कोपरा नाई दिसत." पुढच्या एकादशीच्या कीर्तनात त्यांनी हरिश्चंद्राला रजा दिली आणि आख्यान लावलं ते स्वतःचंच. टोलीत शहाण्णव अडाणी आणि एक शहाणा होता, ते म्हणाले. तहसीलदारानं मोजून सांगितलं की आकडे बरोबर आहेत, नावं तेवढी उलटी लागली होती. त्या दिवशी मृदंग थांबवायची वेळ आली नाही.

हातपंप यायला दीड वर्ष लागलं आणि सात अर्ज लागले. सातही लटारूभाऊंनी लिहिले, श्री काढून. अर्जावर चालतो. पंप बसला त्या दिवशी पहिला दांडा कोणी हलवायचा यावर रुखमाबाईनं कोणाचं मत घेतलं नाही. तिनं अन्नपूर्णाबाईचा हात धरून दांड्यावर ठेवला. घागर मंगरूनं धरली. म्हातारीच्या तर्जनीवरची कातडी कधीच निघून नवी आली होती.

आता ती नाही. तिनं त्या रविवारी मत कोणाला दिलं ते मंगरूला अजून ठाऊक नाही. तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी मत टाकायला जाल तेव्हा पेन घरी ठेवून जा. आणि बोटाला शाईचा गार थेंब लागेल ना, त्या घटकेला क्षणभर आमच्या अन्नपूर्णाबाईची आठवण काढा.